गरम झाली की बंद पडते

सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर तिची काही तक्रार नसते. मग चढ नसताना, ओझे नसताना इंजिन एकदम बंद पडते. चालक गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो, सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धी करतो. अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते आणि थेट गॅरेजपर्यंत जाते. मेकॅनिक तपासतो तेव्हा ठिणगी जोरदार असते, पेट्रोल येत असते, प्लग स्वच्छ असतात. दोष गाडीतच असतो, पण इंजिन थंड झाल्याबरोबर तो दडून बसलेला असतो.

हा आजार समजून घ्यायला १९८०च्या दशकातला अमेरिकन फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक फार उपयोगी पडतो. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी ट्रक-मालिका आहे. तिच्यातले ४.९ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे इंजिन १९६५ मध्ये आले आणि १९९६ पर्यंत बनत राहिले. टायमिंगसाठी त्यात साखळीऐवजी गिअर होते. शेतावर, बांधकामाच्या ठिकाणी, माल पोचवण्याच्या फेऱ्यांवर या इंजिनाने लाखो मैल काढले. ते स्वतः सहसा दगा देत नसे. बंद पडायचे ते बहुधा त्याच्या डिस्ट्रिब्युटरला चिकटवलेल्या एका छोट्या करड्या डबीमुळे. त्या डबीकडे येण्याआधी मात्र चालकाच्या तक्रारीकडे नीट पाहायला हवे.

‘गरम झाली की बंद पडते’ हे वाक्य ऐकायला निरीक्षणासारखे वाटते, पण त्यात निदान आधीच करून टाकलेले असते. प्रत्यक्षात दिसलेले एवढेच असते की गाडी वीस मिनिटांनी बंद पडली आणि अर्ध्या तासाने सुरू झाली. त्या वीस मिनिटांत इंजिन तापले हे खरे, पण आणखीही बऱ्याच गोष्टी घडल्या. टाकीतले पेट्रोल कमी झाले. टाकीला श्वास घेण्यासाठी ठेवलेली वाट तुंबलेली असेल, तर पेट्रोल गेले तितकी हवा आत न आल्याने टाकीत निर्वात वाढत गेला आणि पंपाला इंधन ओढणे जड झाले. टाकीच्या तळाशी गंजाची पूड किंवा कचरा असेल, तर तो हळूहळू पंपाच्या जाळीवर जमला आणि वाट अडली. गाडी थांबल्यावर निर्वात ओसरतो, कचरा जाळीवरून सुटून खाली बसतो आणि अर्ध्या तासाने सारे सुरळीत होते. यात उष्णतेचा काहीच संबंध नाही. ज्याने ‘गरम’ हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला, तो कॉइल बदलेल, मॉड्यूल बदलेल, कार्बोरेटर खोलेल आणि आठवडाभराने गाडी पुन्हा त्याच्याच दारात उभी असेल.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. गाडी बंद पडली की लगेच टाकीचे झाकण उघडावे. ‘स्सस’ असा हवा आत शिरल्याचा मोठा आवाज आला आणि गाडी पाच मिनिटांत सुरू झाली, तर तपास तिथेच संपला. दुसरी चाचणी एफ-१५०च्या मालकांना आयतीच मिळाली होती. त्या काळातल्या बऱ्याच एफ-१५०ना पुढे आणि मागे अशा दोन टाक्या असत आणि कुठल्या टाकीतले पेट्रोल घ्यायचे हे डॅशबोर्डवरच्या बटणाने ठरे. इंजेक्शनच्या गाड्यांत प्रत्येक टाकीत वेगळा विजेचा पंप होता. इंजिन आचके देऊ लागताच बटण दुसऱ्या टाकीकडे फिरवले आणि गाडी सावरली, तर ठिणगीची सारी यंत्रणा एका क्षणात निर्दोष ठरते.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन गाडी बंद पडत असेल, तर तो वेगळा आजार आहे. तिथे रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट ही मंडळी आठवावीत आणि आधी गाडी थंड होऊ द्यावी. इथे प्रश्न आहे तो काटा आपल्या जागी, म्हणजे पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसवर असताना बंद पडणाऱ्या गाडीचा.

अशी गाडी कशी बंद पडली हा प्रश्न कधी बंद पडली यापेक्षा महत्त्वाचा आहे. इंधन कमी पडते तेव्हा इंजिन आधी कुरकुरते. जोर कमी होतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचल घेत नाही, मिस मारते, क्वचित मागे फटाका वाजतो आणि मग ती बसते. ठिणगी जाते तेव्हा हा सगळा पूर्वरंग नसतो. किल्ली फिरवून बंद करावी तसे इंजिन जाते. त्यात आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत एक नामी खूण मिळते. गाडी गिअरमध्ये पळत असते, चाके इंजिनला फिरवत असतात, तरीही काटा एका झटक्यात शून्यावर पडतो. हा काटा इग्निशन कॉइलच्या प्रत्येक ठोक्यावर चालतो. इंजिन फिरत असूनही तो शून्यावर आला याचा अर्थ कॉइलला ठोके मिळणेच थांबले. अनुभवी मेकॅनिक चालकाला बाकी काही विचारण्याआधी हे विचारतात.

आता ती करडी डबी. फोर्डने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘थिक फिल्म इग्निशन’, म्हणजे टीएफआय नावाचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणले. पूर्वीच्या गाड्यांत कॉइलचा प्रवाह तोडायला सीबी पॉइंट असत. ते झिजत, त्यांची फट बिघडे. मॉड्यूलमध्ये झिजणारे काहीच नव्हते, प्रवाह ट्रान्झिस्टर तोडत होता. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगीसाठी काही अँपिअरचा प्रवाह चालू करून तोडायचा असे हे काम. त्यात मॉड्यूल स्वतःही तापते. त्याची उष्णता बाहेर जावी म्हणून ते डिस्ट्रिब्युटरच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर दोन स्क्रूंनी बसवलेले होते आणि मधल्या फटीत उष्णता वाहून नेणारे ग्रीस लावायचे होते.

अडचण अशी की उष्णता जिथे सोडायची ती जागाच इंजिनावर होती. मॉड्यूलच्या आत सिरॅमिकच्या पातळ पट्टीवर छापलेले विद्युतमार्ग, त्यांना टाकलेले बारीक डाग, त्यावर बसवलेला ट्रान्झिस्टर. सिरॅमिक, धातू आणि प्लास्टिक एकाच तापमानाला सारखे फुगत नाहीत. रोज तापणे आणि निवणे या ताणाने वर्षानुवर्षांत एखाद्या डागाला भेग पडते. थंड असताना भेगेच्या दोन कडा टेकलेल्या असतात आणि प्रवाह चालू राहतो. तापले की कडा विलग होतात आणि ठिणगी जाते. इंजिन निवले की पुन्हा टेकतात. गॅरेजच्या बाकावर थंड मॉड्यूल तपासणाऱ्याला ते उत्तम स्थितीत आहे असेच दिसणार.

हे प्रकरण न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियातील अलामेडा काउंटीच्या न्यायालयात ‘हॉवर्ड विरुद्ध फोर्ड’ या खटल्यात १९८३ ते १९९५ या काळातल्या, डिस्ट्रिब्युटरवर हे मॉड्यूल बसवलेल्या गाड्यांचा विषय होता. मॉड्यूल १२५ अंश सेल्सिअसच्या पुढे टिकत नाही आणि ते इतके तापेल अशाच जागी बसवले गेले, असा फिर्यादींचा मुख्य मुद्दा होता. गाड्या असुरक्षित नाहीत, ही फोर्डची बाजू. ऑक्टोबर २००० मध्ये न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे १७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा आदेश दिला. अमेरिकेत न्यायालयाने वाहन कंपनीला असा आदेश देण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि मॉड्यूल बदलून घेतलेल्या मालकांना खर्च भरून देण्याचे कंपनीने मान्य केले. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय आहे की धोका, हा त्या वादाचा गाभा होता. तो धोकाच आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेला निर्वात एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच पुरतो. भरधाव रस्त्यावर, मागून ट्रेलर येत असताना, हे चालकाला एका सेकंदात निस्तरायचे असते.

पुढे फोर्डने बऱ्याच गाड्यांत हे मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरून काढून इंजिनपासून दूर, स्वतंत्र उष्णताशोषक पट्टीवर नेले.

मात्र या खटल्याच्या प्रसिद्धीने एक नुकसानही केले. गरम होऊन बंद पडणारी प्रत्येक फोर्ड म्हणजे मॉड्यूल, असे समीकरण बसले. डिस्ट्रिब्युटरच्या आत आणखी एक भाग असतो, हॉल परिणामावर चालणारा सेन्सर. इंजिन कुठल्या कोनात आहे ही खबर तो देतो. त्यालाही उष्णता तशीच बाधते आणि त्याची लक्षणे मॉड्यूलसारखीच हुबेहूब. मॉड्यूल दोन स्क्रू काढून बदलता येते. सेन्सर बदलायचा तर डिस्ट्रिब्युटर काढावा लागतो, त्याच्या दांड्यावरचा गिअर उतरवावा लागतो, परत बसवून टायमिंग जुळवावे लागते. सोपे काम आधी करण्याचा मोह कोणालाही होतो, आणि एकापाठोपाठ एक नवी मॉड्यूल खाल्लेल्या गाड्यांत शेवटी दोषी हा सेन्सर निघतो.

दोघांना वेगळे करण्याची एक सुंदर चाचणी आहे. ती फक्त इंजिन बंद पडल्यानंतरच्या काही मिनिटांत करता येते, म्हणून साहित्य आधीच गाडीत हवे: फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर आणि इंजेक्टरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा दिवा. गाडी बंद पडली की कॉइलच्या जाड वायरीला टेस्टर लावायचा, एका इंजेक्टरच्या सॉकेटमध्ये दिवा खोचायचा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगायचे. या गाड्यांत संगणक इंजेक्टर उघडतो तो हॉल सेन्सरच्या खबरीवरून. दिवा लुकलुकतो आहे पण ठिणगी नाही, तर सेन्सर जिवंत आहे; शोध मॉड्यूल, कॉइल आणि त्यांच्या वायरिंगपुरता उरतो. ठिणगीही नाही आणि दिवाही नाही, तर बोट सेन्सरकडे किंवा या सगळ्यांना वीज देणाऱ्या वाटेकडे, म्हणजे रिले, फ्यूज, किल्लीच्या स्विचकडे वळते. ठिणगी आहे, दिवाही लुकलुकतो आहे, तरी गाडी सुरू होत नाही, तर पेट्रोलचा दाब पाहायचा. दोन उपकरणांनी, पाच मिनिटांत, आजाराचे तीन प्रांत वेगळे होतात. चार महागडे भाग अंदाजाने बदलण्यापेक्षा ही पाच मिनिटे कितीतरी मोलाची.

गाडी गॅरेजमध्ये येईपर्यंत निवली असेल तर दोष मुद्दाम घडवावा लागतो. हेअर ड्रायरने किंवा हीट गनने एका वेळी एकच भाग तापवायचा, आधी मॉड्यूल, मग कॉइल. ज्याला ताप दिल्यावर इंजिन बंद पडते आणि निववल्यावर पुन्हा सुरू होते, तो दोषी. इथे घाई घातक ठरते. एकाच वेळी सगळे तापवले तर काहीच कळत नाही. हीट गन प्लास्टिक वितळवू शकते, आणि जवळपास कुठे पेट्रोल गळत असेल तर ती चालूच करू नये.

कॉइलच्या बाबतीत ओहममीटरवर विसंबणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवरून १२० अंशांवर गेलेल्या गुंडाळीचा रोध जवळपास ४० टक्के जास्त भरतो. त्यामुळे गरम कॉइलचे माप थंड कॉइलच्या तक्त्याशी ताडून ती खराब ठरवणे चूक. उलट, थंड असताना आलेले अचूक माप ती गरम झाल्यावरही ठीक राहील याची हमी देत नाही, कारण आतली तार तुटलेली असेल तर तीही तापल्यावरच विलग होते.

इंधनाच्या बाजूने उष्णता खरोखर आडवी येते ती कार्बोरेटरच्या गाड्यांत. पेट्रोल हे एकच रसायन नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासून उकळू लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. जुन्या ट्रकांत इंजिनाच्या अंगावर बसवलेला यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उकळण्याचे तापमान आणखी खाली येते. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप वाफ दाबत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. गाडी बंद केल्यावर तो अधिक छळतो, कारण पाण्याचा पंप आणि पंखा थांबतात, इंजिनाची साठलेली उष्णता वर येते आणि बॉनेटखालचे तापमान काही मिनिटे वाढतच जाते. चालत आलेली गाडी चहासाठी थांबवली आणि दहा मिनिटांनी सुरूच होईना, हे त्याचे नेहमीचे रूप.

महाराष्ट्रातल्या घाटांत अॅम्बॅसडर आणि पेट्रोल जीप चालवणाऱ्यांना यावरचा उपाय पाठ होता. ते ज्याला एसी पंप म्हणत, त्या यांत्रिक पंपावर ओले फडके गुंडाळायचे. पाण्याचे बाष्पीभवन पंपाची उष्णता घेऊन जाते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चढ चढते. उपाय शास्त्रशुद्ध होता. शिवाय ती एक निदान-चाचणीही होती, कारण ओल्या फडक्याने गाडी सावरली तर कॉइलवर संशय घेण्याचे कारणच उरत नाही.

इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बसून पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो, म्हणून व्हेपर लॉक क्वचित होतो. पण पंपाची मोटर थकलेली असेल तर ती तापल्यावर दाब सोडते. तिला थंड ठेवणारे पेट्रोलच असल्याने, टाकी रिकामी होत आली की हा त्रास वाढतो. टाकी भरलेली असताना गाडी बंद पडत नाही असे चालक सांगत असेल, तर तो पंपाचे नाव न घेता पंपाबद्दलच बोलत असतो. फोर्डच्या इंधन-नळीवर दाबमापक जोडण्याची सोय असते. लांब होजने मापक बॉनेटखालून बाहेर काढून काचेवर, बाहेरच्याच बाजूला, वायपरखाली अडकवतात आणि गाडी पळवून पाहतात. इंजिन बंद पडण्याच्या क्षणी काटा कुठे होता, हे डोळ्यांनी दिसते.

काही गाड्या वेगात ठीक चालतात आणि गरम झाल्यावर फक्त सिग्नलला, आयडलवर बसतात. तिथे शोध निराळा. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडलवर जळलेला वायू आत येऊन ज्योत विझवतो. निर्वाताच्या नळीला चीर असेल तर थंड इंजिनाच्या जास्त पेट्रोलात ती झाकली जाते आणि इंजिन तापल्यावर उघडी पडते. कार्बोरेटरचा चोक अडकून राहिला तर काळा धूर येतो. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर खोटे बोलत असेल तर संगणक गरम इंजिनाला थंड समजून पेट्रोल ओतत राहतो. फोर्डच्या या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे ३७ हजार ओहम असतो आणि १०० अंशांना तो दोन हजारांवर येतो. पाणी तापवून साध्या मीटरने हे कोणालाही पडताळता येते.

डिझेल ट्रकात ठिणगीच नसते, त्यामुळे वरचा अर्धा तपास आपोआप गळतो. उरलेल्यात एक संशयित फार जुना आहे: झिजलेला रोटरी पंप. या पंपाचे फिरते भाग डिझेलनेच वंगण घेतात आणि त्यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन भरते. पाणी किंवा धूळ असलेल्या डिझेलने ही फट वाढते. थंड डिझेल दाट असल्याने वाढलेल्या फटीतून फारसे निसटत नाही. तापलेले डिझेल पातळ होते, फटीतून मागे गळते आणि नोजलपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. इंजिन आयडलवर बसते, आणि सेल्फच्या कमी वेगावर तर सुरूच होत नाही. मिस्त्री इथेही बंद इंजिनाच्या पंपावर ओले, गार फडके ठेवतात. पंप निवल्यावर गाडी सुरू झाली तर तो काढून टेस्ट बेंचवर पाठवायची वेळ आली. चालू पंपावर मात्र गार पाणी ओतू नये. बाहेरचे आवरण आतल्या दांड्याच्या आधी आकसते आणि पंप जाम होऊ शकतो.

पंप उतरवण्याआधी दोन स्वस्त शंका फेडून घ्याव्यात. रबरी होज तापून मऊ पडतो, त्याची चीर उघडते आणि डिझेलऐवजी हवा ओढली जाते. मिस्त्री म्हणतात, गाडी एअर घेते. नोजलकडे जाणाऱ्या डिझेलात बुडबुडे दिसले की आधी होज आणि क्लिपा पाहाव्यात. दुसरी शंका स्टॉप सोलेनॉइडची. त्याची वीज गेली की डिझेल इंजिनही पेट्रोल इंजिनासारखे एका झटक्यात बंद होते. रस्त्यात थांबल्यावर किल्ली चालू-बंद केली तर सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज येतो का, हे पंपाजवळ कान नेऊन ऐकावे.

भाग बदलून झाला की काम संपले असे मानणाऱ्यांची गाडी हमखास परत येते. नवे टीएफआय मॉड्यूल बसवताना उष्णतावाहक ग्रीस लावायचे राहिले, तर ते जुन्यापेक्षाही लवकर जाते. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी आधी ज्या परिस्थितीत बंद पडली, तीच परिस्थिती मुद्दाम आणायची: दुपारच्या उन्हात पाऊण तास चालवायची, मग बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटे उभी करायची, म्हणजे साठलेली उष्णता मॉड्यूलपर्यंत, पंपापर्यंत, होजपर्यंत पुरती पोचते. त्यानंतर सेल्फ मारायचा आणि पाच मिनिटे आयडलवर सोडून द्यायची. स्पार्क टेस्टर आणि इंजेक्टरचा दिवा पुढचे काही आठवडे गाडीतच ठेवावा.